पायाची खोली

अमरावतीच्या राजापेठेत राहणारे सेवानिवृत्त मराठी शिक्षक मोरोपंत यांनी सन एकोणीसशे एकसष्टच्या चैत्रात, पूर्ण विचारान्ती, आपल्या परसात आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद असे एक बागघर बांधण्याचे ठरवले. लोक अशा वस्तूला शेड म्हणत. मोरोपंतांना परका शब्द खपत नसे. त्यांनी बागघर हा शब्द आधी तयार केला आणि मग त्या शब्दाला साजेशी वस्तू उभी करणे त्यांना भाग पडले.

कारण मात्र सबळ होते. निवृत्तीनंतर त्यांनी परसात शेंदूरजनाघाटहून आणलेली संत्र्याची चार कलमे लावली होती आणि त्यांच्या शेजारी भेंडीचे दोन वाफे केले होते. या शेतीसाठी लागणारी एक कुदळ, दोन फावडी, तीन खुरपी, एक झारी, एक दाताळे आणि शेणखताचे अर्धे पोते एवढा सरंजाम माजघरात खिडकीखाली मुक्कामाला असे. नेमक्या त्याच खिडकीखाली त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई यांना शिवणाचे मशीन ठेवायचे होते. मशीन संक्रांतीलाच त्यांच्या भावाने घेऊन दिले होते, पण ते अजून त्याच्या अकोल्याच्या घरी खोक्यात बंद होते. दर पत्रात भाऊ विचारी, पाठवू का. आणि दर उत्तरात बाई लिहीत, अजून जागा नाही. गल्लीतल्या पाच मुलींना त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवण शिकवण्याचा शब्द दिला होता.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या माणिकबाईंनी नेमका दाताळ्यावर पाय दिला. दाताळ्याचा दांडा उठला आणि त्यांच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, सणसणीत बसला. पाहुण्या गेल्यावर चारुशीलाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचं दाताळं ज्या दिवशी बाहेर जाईल, त्या दिवशी माझं मशीन आत येईल. तोवर तुम्ही भेंडी लावा, नाहीतर अजून काही लावा. मी भाजी करणार नाही."

मोरोपंतांनी दुसऱ्या दिवशी नत्थुजी गवंड्याला बोलावले. नत्थुजी मूळचा बार्शीटाकळीचा. अर्ध्या राजापेठेच्या भिंती त्याच्या हातच्या. त्याने परसात एक फेरी मारली आणि दोन दिवसांचे काम असल्याचे सांगितले. चार लाकडी बल्ल्या रोवायच्या, तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वरून टिनाचे पत्रे. मोरोपंतांना हे पटले होते. बोलणे तिथेच संपले असते तर ही कथा लिहावी लागली नसती, पण त्याच आठवड्यात त्यांच्या हाती एक पुस्तिका आली.

पुस्तिकेचे नाव 'सिमेंट-ब्लॉकचे मजबूत उद्यानस्थित अवजारगृह : रचनाविषयक मार्गदर्शक सूचना' असे होते. लघुबांधकाम मार्गदर्शन कचेरी नावाच्या नव्या खात्याने ती काढली होती. छोटी बांधकामे झटपट व्हावीत म्हणून हे खाते निघाले होते, आणि त्याच्या स्वतःच्या छोट्या इमारतीचे काम चार वर्षे चालू होते. पुस्तिकेला चौसष्ट पाने होती. म्हणजे बागघराच्या प्रत्येक चौरस फुटाला एक पान देऊन सोळा पाने शिल्लक राहत होती.

मूळ पुस्तक कुठल्यातरी थंड देशातले असावे. ब्लॉकच्या सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, कोपऱ्यात एकाआड एक ब्लॉक गुंतवावा, दर तिसऱ्या थराला लोखंडी जाळी घालावी, इथपर्यंत सूचना शहाण्यासारख्या होत्या. सूचना क्रमांक अकरा म्हणत होती की समुद्राकडील भिंत अधिक जाड असावी. सूचना क्रमांक सतरा म्हणत होती की छपरावर एक फूट बर्फ साचेल असे धरून चालावे. मोरोपंत ही पुस्तिका हातात लाल पेन्सिल घेऊन वाचत. त्यांना तीत शुद्धलेखनाच्या एकशे तेरा चुका सापडल्या आणि त्या सर्व त्यांनी सुधारल्या. बर्फ या शब्दावर त्यांची पेन्सिल थांबली नाही, कारण तो शुद्ध लिहिलेला होता.

छापील मजकुरापुढे मान तुकवण्याची मोरोपंतांना एकतीस वर्षांची सवय होती. तुराट्यांचा बेत रद्द झाला. परवानगीचा फॉर्म पुस्तिकेच्या शेवटी जोडलेला होता. त्यात दुसरा रकाना बांधकामाच्या प्रकाराचा होता. तिथे मोरोपंतांनी, मन मारून का होईना, पुस्तिकेतला शब्द लिहिला : ब्लॉक. चौथा रकाना होता : पायाची खोली. पुस्तिकेत पाया तीन फूट खणण्यास सांगितले होते. मोरोपंतांनी वळणदार अक्षरात लिहिले : तीन. फूट हा शब्द त्यांनी लिहिला नाही. एकक लिहायला लावणे हे गणिताच्या मास्तरांचे काम, अशी त्यांची नोकरीत असल्यापासूनची भूमिका होती.

नत्थुजी शेजारी बसून पाहत होता. त्याला लिहिता येत नसे, पण रकाने वाचून दाखवलेले कळत. तो म्हणाला, "मास्तर, तिथं खोली काहून लिहून राहिले? पाया खोल रायते. खोली माणसानं रायाची असते."

मोरोपंतांनी चष्मा काढला. चष्मा निघाला की व्याकरण सुरू होते हे घरात सर्वांना ठाऊक होते, आणि चारुशीलाबाई उठून आत गेल्या. "नत्थुजी, खोल हे विशेषण आहे," ते म्हणाले. "त्यापासून खोली हे भाववाचक नाम होतं. जसं उंच, उंची; लांब, लांबी; तसं खोल, खोली."

"असन," नत्थुजी म्हणाला. "पण आमच्यात खोलीले दार असते."

मोरोपंतांनी सही केली. फॉर्ममध्ये एकही रकाना कोरा नसल्यामुळे परवानगी आठ दिवसांत आली. कचेरीच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले होते, असे पुढे कळले.

काम सुरू झाले तेव्हा नत्थुजीने आणखी एकदा तोंड उघडले. खालची माती काळी, पावसात फुगते आणि उन्हात फाटते, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खाली जावे, असे त्याचे म्हणणे होते. मोरोपंतांनी त्याला तीन फूट हा आकडा दाखवला. पुस्तक कधी अमरावतीले आलं होतं काय, असे नत्थुजीने विचारले. या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नव्हते. पुढे समुद्राकडील भिंतीची पाळी आली तेव्हा नत्थुजी काम थांबवून उभा राहिला आणि समुद्र कोणत्या अंगाला ते दाखवा म्हणाला. मोरोपंतांनी थोडा विचार करून पश्चिमेला बोट केले. ती भिंत दुप्पट जाड झाली.

वैशाखात बागघर उभे राहिले, आणि खरे सांगायचे तर देखणे झाले. करड्या ब्लॉकच्या सरळ ओळी, सागवानी दार, वर टिनाचे छप्पर. राजापेठेतले लोक संध्याकाळी फिरायला येत आणि परसात डोकावून जात. फक्त त्याचा वापर करता येत नव्हता. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत आत एक खुरपेसुद्धा ठेवू नये असे सूचना क्रमांक एकसष्टमध्ये म्हटले होते. अवजारे माजघरातच राहिली. सुट्टी सुरू झाली होती, पाचही मुली रोज दारात येऊन मशीन आले का ते विचारून जात होत्या, आणि चारुशीलाबाई प्रत्येकीला उत्तर देताना मोरोपंतांकडे पाहत होत्या.

दाखला द्यायला कचेरीचा ओव्हरसियर आला तो देवीदास. मोरोपंतांचाच जुना विद्यार्थी; मूळ वरुडकडच्या शेतकरी घरातला, साधा, नेमस्त मुलगा. दोन वर्षे सात महिने तो अमरावतीत नोकरीला होता आणि तेवढाच काळ सरकारी जागा-वाटपाच्या यादीत होता. त्या काळी गावातल्या रिकाम्या खोल्यांची वाटणी सरकार करी, आणि नोकरांना त्या पाळीपाळीने मिळत. पाळी न आल्यामुळे देवीदास एका मित्राच्या ओसरीवर झोपत असे, आणि त्याची बायको जमुना लग्न झाल्यापासून शेंदूरजनाघाटला माहेरीच होती. हे सर्व त्याने चहा पिताना सांगितले आणि मग पिशवीतून तपासणीचा फॉर्म काढला. फॉर्मात बर्फाच्या वजनाची चाचणी असा रकाना होता.

मोरोपंतांनी त्याला उन्हाकडे बोट करून दाखवले. त्या दिवशी पारा एकशे चौदा फॅरनहाइटवर होता.

"मास्तर, अमरावतीत बर्फ पडत नाही हे मले माईत हाये," देवीदास खाली मान घालून म्हणाला. "पण मले माईत हाये, हे लिहाले फॉर्मात जागा नाही."

तेव्हा बर्फ आणणे आले. बर्फाच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात आणि तरटात गुंडाळलेल्या आठ लाद्या दोन बैलगाड्यांवर घालून दुपारी राजापेठेत आणण्यात आल्या. वैशाखात दारावरून बर्फ जातो आहे ही बातमी लपण्यासारखी नव्हती. गाड्या मोरोपंतांच्या फाटकाशी थांबेपर्यंत पाठीमागे अख्खी आळी पातेली, तांबे आणि लिंबे घेऊन आली होती. सार्वजनिक कामात अडथळा नको म्हणून देवीदासाने कुणाला हटकले नाही. छपरावर चढेपर्यंत आठ लाद्यांच्या अडीच लाद्या उरल्या; बाकीचे सरबत झाले. त्या अडीच लाद्या छपरावर ठेवण्यात आल्या, छपराने तक्रार केली नाही, आणि देवीदासाने रकान्यात 'भार सोसला' असे लिहिले. माणिकबाई जाताना म्हणाल्या की इतकी चांगली तपासणी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

बर्फाचे पाणी झाले आणि पाणी चारी बाजूंनी पायात उतरले. काळ्या मातीला उन्हाळ्यात असे पाणी मिळाले की ती जे करते ते तिने केले. आठवड्याने देवीदास दाखला घेऊन आला तेव्हा बागघराची जमीन वाफ्यातल्या भेंडीसारखी वर आली होती आणि दार खालून गच्च बसले होते. त्याने ढकलले, मोरोपंतांनी ढकलले, नत्थुजीला बोलावून ढकलायला लावले. दार हलले नाही. देवीदासाने प्रामाणिकपणे अंतिम फॉर्म भरला. दार उघडले काय? नाही. बाहेरून कुलूप आहे काय? नाही. एवढे दोनच प्रश्न होते, आणि दोन्ही उत्तरे खरी होती.

कागद वरच्या कचेरीत अकोल्याला गेले. तिथे हरिहरराव नावाचे अधिकारी होते; सरकारी जागा-वाटपही त्यांच्याकडेच होते. वऱ्हाड मुंबई राज्यात गेले तेव्हा ते बदलीने पुण्याहून आले होते आणि तेव्हापासून वाळ्याच्या पडद्यामागे बसून होते. त्यांनी कागद एकापुढे एक मांडले. दार उघडत नाही आणि बाहेरून कुलूप नाही, त्याअर्थी ते आतून बंद आहे. आतून बंद आहे, त्याअर्थी आत राहण्याची सोय आहे. मग त्यांनी मूळ फॉर्म मागवला. त्यात लिहिले होते : प्रकार, ब्लॉक. खोली, तीन. पुण्या-मुंबईकडे स्वतंत्र बिऱ्हाडाला तेव्हा ब्लॉक म्हणू लागले होते, आणि तीन खोल्यांचा ब्लॉक ही तिकडे लोकांच्या स्वप्नात येणारी गोष्ट होती. असा एक ब्लॉक राजापेठेत आतून कडी लावून लपवून ठेवण्यात आला आहे, हे पाहून हरिहरराव संतापले. त्यांनी तो तत्काळ जागा-वाटपात घेतला आणि यादीतल्या पहिल्या माणसाला देऊन टाकला.

यादीतला पहिला माणूस देवीदास होता.

तो ज्येष्ठाच्या पहिल्या सोमवारी, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन, हसत हसत फाटकातून आत आला. हुकूम त्याने मोरोपंतांच्या हातात दिला आणि पाया पडला. "मास्तर, तुमी सांगतलं नाही," तो म्हणाला. "मी दोनच खोल्या मागतल्या होत्या." मोरोपंतांनी हुकूम वाचला. मग पुन्हा वाचला. हुकुमात व्याकरणाची एकही चूक नव्हती. 'सदर ब्लॉकच्या पायातील तीन खोल्या' असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

मोरोपंतांनी सर्व उलगडून सांगितले तेव्हा देवीदास ट्रंकेवर बसला.

"जमुनेले तार करून टाकली मी," तो म्हणाला. "सायपाकाची भांडी घेऊन ये म्हणून."

चारुशीलाबाईंना त्याची दया आली, आणि खरोखर ते तोंड पाहून कुणालाही आली असती. त्यांनी त्याला आत बोलावून जेवायला वाढले. नाही म्हणून परत कर, असे मोरोपंतांनी सुचवले. पण मिळालेली जागा नाकारणाऱ्याचे नाव यादीच्या तळाशी जाते असा नियम होता, आणि तळ म्हणजे तीनशे बारावा क्रमांक. मोरोपंत म्हणाले, उद्याच अकोल्याला जातो आणि एका शब्दाचा अर्थ समजावून सांगून येतो. चारुशीलाबाई म्हणाल्या, मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर दुसरा एखादा शब्द समजावून याल.

हरिहररावांनी त्यांना वाळ्याच्या पडद्याआड बसवले आणि फाइल उघडली.

"बांधकामाचा प्रकार, ब्लॉक. हे आपण लिहिलंत?"

"हो. पण ब्लॉक म्हणजे सिमेंटचे ठोकळे."

"ब्लॉक म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझे मेहुणे दादरला ब्लॉकमध्येच राहतात. खोली, तीन. हा आकडा आपलाच?"

"माझाच. पण ती राहण्याची खोली नव्हे. ती पायाची खोली."

"तेच म्हणतोय मी. वर नाहीत, पायात आहेत. म्हणून तर आमच्या माणसाला दिसल्या नाहीत." हरिहररावांनी पेन खाली ठेवले. "मोरोपंत, आपण मराठीचे शिक्षक. एका वाक्यात उत्तर द्या. पायाला खोली असते की नसते?"

एका वाक्यात उत्तरे द्या, हे वाक्य मोरोपंतांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. "पायाला खोली असते," ते म्हणाले.

"खोलीशिवाय पाया असू शकतो?"

"खोलीशिवाय पाया असू शकत नाही."

"मग आपली तक्रार काय आहे?"

मोरोपंतांनी तोंड उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रतिशब्द सापडेना. कोपऱ्यातल्या कारकुनाने टंकलिखित केले : अर्जदाराने खोल्यांचे अस्तित्व मान्य केले.

चारुशीलाबाईंनी पदर सावरला. "साहेब, ताबा दिल्यावर त्या बागघरात अवजारं ठेवता येतील का हो?"

हरिहररावांनी नियमावली पाहिली आणि वास्तव्याच्या जागेत अवजारे ठेवण्यास सक्त मनाई असल्याचे सांगितले.

"आणि शिवणाचं मशीन?"

त्यासाठी त्यांना दोन पाने जास्त उलटावी लागली. शिवणयंत्र ही गृहोपयोगी वस्तू होती. ती ठेवता येत होती. किंबहुना ती ठेवल्यास वास्तव्याला पुष्टीच मिळत होती.

"मग आम्ही ताबा देतो," चारुशीलाबाई म्हणाल्या. "कुठं सही करायची ते ह्यांना दाखवा. हे वाचत नाहीत, सही लगेच करतात."

परत येताना मशीनचे खोके बसच्या टपावर होते. मूर्तिजापूरला चहा घेताना मोरोपंत म्हणाले की खोलीऐवजी गहराई लिहायला हवे होते, पण तो शब्द हिंदी आहे. चारुशीलाबाईंनी त्यांच्या कपातला चहा बशीत ओतून दिला आणि थंड होईतो काही बोलू नका म्हणाल्या.

घरी आल्यावर सर्व सूत्रे बाईंनी हातात घेतली. नत्थुजीने दाराची खालची कड रंध्याने दोन बोटे तासली आणि बागघर उघडले. त्यात मशीन ठेवण्यात आले. भिंती जाड असल्यामुळे आत चांगला गारवा होता, विशेषतः समुद्राच्या बाजूला. माजघर अवजारे काढून, शेणाने सारवून देवीदासाला देण्यात आले. तिसऱ्या दिवशी जमुना भांडी घेऊन आली. तिला बघून देवीदास इतका गोंधळला की त्याने तिची ट्रंक मोजून पावती लिहायला घेतली. मुलींच्या बरोबर ती सहावी शिवणाला बसू लागली आणि पंधरा दिवसांत तिने नवऱ्याला एक सदरा शिवला. त्याला एक बाही लांब झाली, तरी तो तोच घालून कचेरीत गेला. परसात दिवसभर मशीनचा खडखडाट आणि मुलींचे हसणे चालू राहिले. हे घर इतके भरलेले आपण कधी पाहिले नव्हते, असे मोरोपंतांनी एकदा स्वतःहून कबूल केले.

अवजारांचे काय, हा प्रश्न तेवढा उरला. नत्थुजीने परसातल्या कडुलिंबाखाली चार बल्ल्या रोवल्या, तुराट्यांचा कुड केला आणि वर उरलेली टिने टाकली. दोन दिवस म्हणाला होता. एका दिवसात झाले.

"मास्तर, हे किती खोल गेलं ते कुठं लिहाचं हाये काय?" त्याने हात धुताना विचारले.

"नत्थुजी, तुम्ही काहीही लिहू नका."

"मले येतच नाही," नत्थुजी म्हणाला. ते छप्पर आजही उभे आहे.

इथे कथा संपली असती, आणि सुखाने संपली असती. पण देवीदासाने नियमाप्रमाणे 'पायातील तीन खोल्यांचा ताबा मिळाला' अशी पावती अकोल्याला पाठवली. सही केली नसती तर त्याचे नाव तळाला गेले असते. ती पावती हरिहररावांनी भिंगाखाली धरून वाचली. पायातल्या खोल्या खरोखर राहण्याजोग्या आहेत, असा सरकारी नोकराचा लेखी पुरावा त्यांच्या हाती आला होता. आता त्यांच्या मनात साहजिकच दुसरा विचार आला. पाया काय एकट्या मोरोपंतांच्या बागघराला आहे? वऱ्हाडात पाया नसलेले एकही पक्के घर नाही. म्हणजे घरोघर खोल्या दडवल्या आहेत, आणि नोकर ओसऱ्यांवर झोपत आहेत.

परिपत्रक निघाले. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर पिवळसर फॉर्म वाटण्यात आले. वाटायला आणि गोळा करायला देवीदासालाच नेमण्यात आले, कारण अनुभव त्याचाच होता. चौथा रकाना : पायाची खोली. लोकांनी तो आपापल्या मगदुराप्रमाणे भरला. कुणी घरातल्या खोल्या मोजून चार लिहिले, कुणी सहा. एका वकिलांनी स्वयंपाकघर अर्धे धरून अडीच लिहिले. बार्शीटाकळीचे महादेवराव नावाचे एक वृद्ध शेतकरी तेवढे खरे बोलले. माहीत नाही, आमच्या आज्यानं खंदला होता, त्याले विचारा लागन, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या फॉर्मवर 'वारसांच्या वादातील खोली' असा शेरा बसला.

बेरीज झाली तेव्हा वऱ्हाडात अठरा हजार तीनशे बेचाळीस आणि एक अर्धी एवढ्या खोल्या नव्याने सापडल्या होत्या. यादीतल्या सर्वांना एका दिवसात जागा मिळाल्या. यादी रद्द झाली. हरिहररावांचा सत्कार झाला आणि त्यांना बढतीवर परत पुण्याला पाठवण्यात आले, तिथेही घरांना पाया असतो म्हणून. समारंभात मोरोपंतांनी मानपत्र वाचून दाखवले. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, कारण ते त्यांनीच तपासले होते. काय लिहिले आहे हे मात्र त्यांनी वाचून झाल्यावर चारुशीलाबाईंना विचारले.

आता तुम्हाला हसू येत असेल. इतका शिकलेला माणूस, आणि रकान्यात काय मागितले आहे ते न पाहता आकडा घालून मोकळा होतो, असे तुम्ही मनाशी म्हणत असाल. जरूर म्हणा. फक्त एक आठवून पाहा. तो पिवळसर फॉर्म तुमच्याही घरी आला होता. तुम्ही कामाला निघाला होता, एक हात सदऱ्याच्या बाहीत होता. दारातल्या माणसाची एक बाही जरा लांब होती. तो म्हणाला, नुसती सही करा, बाकीचं आमी भरून घेतो. आणि तुम्ही उंबऱ्यावर कागद टेकवून सही केलीत, वर त्याला पाणी हवे का म्हणून विचारलेत.

तेव्हा एखाद्या दुपारी फरशीखालून कुणी हलकेच ठकठक केले तर घाबरू नका. माणसे चांगलीच असणार. बिचारी कित्येक वर्षे यादीत होती. तुम्ही वर फार पाय वाजवता, एवढीच त्यांची तक्रार असेल. ऐकून घ्या आणि जरा हळू चाला. ताबा त्यांचा आहे, आणि सही तुमची.